सादिल खर्च आणि गुरुजींचा खिसा

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत एखाद्या स्टेशनरीच्या दुकानापाशी थोडा वेळ उभं राहिलं, तर जिल्हा परिषदेचे गुरुजी आणि बाई गर्दीतही ओळखू येतात. त्यांच्या हातातली यादी एका लेकराची नसते. कार्डशीट ते रंग मोजून घेतात, स्केचपेनचा पुडा उघडून एखादं पेन रद्दी कागदावर ओढून बघतात, खडूची पेटी हलवून आत चुरा किती झालाय याचा अंदाज घेतात. सामान पिशवीत गेलं की दुकानदार विचारतो, ‘बिल कुणाच्या नावानं करू?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘बिल राहू द्या.’

त्यात लबाडी काहीच नाही. पैसे परत मिळणार नाहीत हे ठाऊक असलेल्या माणसाला पावती कशाला हवी? पण पावती नसल्यामुळे हा खर्च झाला याची कुठेच नोंद राहत नाही. सरकारला तो दिसत नाही, पालकांना दिसत नाही, आणि दोन-चार वर्षांनी खुद्द गुरुजींनाही नेमका आकडा सांगता येत नाही. या खर्चाचा विषय निघतो तो फक्त कौतुकापुरता. ‘पदरमोड करून शाळा फुलवली’ अशी बातमी तालुक्याच्या पानावर येते, ५ सप्टेंबरला शाल-श्रीफळ होतं. मला वाटतं, या कौतुकानेच प्रश्न झाकला गेला आहे. शिक्षकाच्या खिशातून जाणारा पैसा म्हणजे सरकारने करायचा आणि न केलेला खर्च. शिक्षकाला खरोखर मदत करायची असेल तर पहिलं काम तो खर्च कागदावर आणण्याचं आहे.

त्या पिशवीत असतं तरी काय? पहिली-दुसरीच्या वर्गासाठी मणीमाळ, दहा-दहाचे गठ्ठे बांधायला आइस्क्रीमच्या काड्या, खेळातल्या नोटा, अक्षरांची आणि शब्दांची कार्डं, वाचनपाठांच्या झेरॉक्स, भिंतीच्या तळाशी लेकरांना लिहायला केलेले तळफळे रंगवायला ऑइल पेंटचा डबा. पाटीवरच्या पेन्सिली तर कितीही आणा. त्या मोडतात, हरवतात आणि काही लेकरं चक्क खातात. २०१५ च्या जूनमध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि साताऱ्याच्या कुमठे बीटातले रंगवलेले वर्ग बघायला राज्यभरातून शिक्षक जाऊ लागले. परत आलेल्यांनी आपापल्या वर्गाच्या फरश्या रंगवल्या. ती चळवळ चांगली होती असं मी आजही मानतो. मुलांनी हाताने वस्तू हाताळत शिकावं, हा विचार त्यामुळे वाडीतांड्यापर्यंत पोचला. मात्र वस्तू हाताळत शिकायचं तर वस्तू लागतात, आणि त्या आणायच्या कुणी याचं उत्तर त्या उत्साहात ‘लोकसहभाग’ या एका शब्दावर सोपवलं गेलं.

शासन काहीच देत नाही असंही नाही. गणित पेटी आली, भाषेचं साहित्य आलं. काही शाळांत ते रोज वापरात आहे. काही शाळांत हरवलं तर भरून द्यावं लागेल या धास्तीने कपाटात कुलूपबंद आहे. पण खरी अडचण वेगळीच आहे. नांदेड जिल्ह्यातले देगलूर, बिलोली, धर्माबाद हे तालुके तेलंगणाला लागून. तिथे पहिलीत येणाऱ्या किती तरी लेकरांच्या घरी तेलुगू बोलली जाते. किनवट-माहूरकडे गोंडी आणि कोलामी. मुखेड, कंधार, जळकोटच्या तांड्यांवर गोरमाटी. उदगीर-देवणीची हद्द बिदरला भिडलेली, तिथे कन्नड कानावर येते. अशा वर्गातल्या बाईंना लेकराच्या घरचा शब्द आणि पुस्तकातला मराठी शब्द एकाच चित्राखाली लिहिलेलं कार्ड लागतं. ते पुण्याहून निघालेल्या कुठल्याही पेटीत असणार नाही, कारण ते त्या वस्तीपुरतंच खरं असतं. बाई ते घरी, रात्री, मुलांचे डबे-बिबे आवरल्यावर करतात. साहित्य पुरवण्याची योजना कितीही उदार केली तरी हा भाग वरून पुरवता येणारा नाही. तो वर्गातल्या माणसाच्या हातात पैसा असला तरच होतो.

मग हा खर्च वर्गाबाहेर पसरतो. विजेचं बिल थकलं की मीटर कापण्याची नोटीस मुख्याध्यापकाच्या हाती पडते. पोषण आहाराचा इंधन-भाजीपाल्याचा पैसा महिनोन्‌महिने येत नाही, तोवर किराणा दुकानातली उधारी मुख्याध्यापकाच्या नावावर चालते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं किंवा केळं द्यायचं ठरलं, अंड्याला दर धरला ५ रुपये; थंडीत बाजारात अंडं सहा-सात रुपयांना जातं. वरचा रुपया-दोन रुपया कोणी घातला, हे शासन निर्णयात लिहिलेलं नसतं. जानेवारी २०२५ मध्ये तर अंड्याचा निधी बंद झाला आणि गोड पदार्थाला लागणारी साखर लोकसहभागातून मिळवा असं शाळांना सांगण्यात आलं. गावात साखरेची वर्गणी मागत हिंडणारा शिक्षक डोळ्यांपुढे आणून पाहा. त्यापेक्षा दोन किलो साखर घरून नेणं सोपं वाटलं, तर त्याला दोष कसा द्यायचा?

याखेरीज माहितीचा रतीब. यू-डायस आणि सरल या पोर्टलांवरच्या नोंदी, पोषण आहाराचं रोजचं ॲप, उपक्रमाचे फोटो, कधी लिंक तर कधी गूगल फॉर्म. मोबाइल शिक्षकाचा आणि डेटा पॅकही त्याचाच. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांच्या गावांत दिवाळीनंतर हंगामी वसतिगृहं चालवायची असतात. आजी-आजोबांकडे राहिलेल्या लेकरांचं जेवण आज लागतं आणि त्याचं देयक मात्र कधी तरी पुढे मंजूर होतं. गणवेशाची योजना मुलींना, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना होती, तेव्हा वर्गात दोन-तीन पोरं तिच्याबाहेर उरायची. १५ ऑगस्टला सगळा वर्ग नव्या कपड्यांत आणि ही तीन पोरं जुन्या सदऱ्यात, हे ज्याला बघवलं नाही त्याने आपल्या पैशाने तीन गणवेश शिवून घेतले. राज्याने २०२३ मध्ये सगळ्यांनाच गणवेश द्यायचं ठरवलं ते योग्यच झालं. त्याआधीच्या वर्षांचे ते तीन-तीन गणवेश मात्र कुठल्याच हिशेबात धरले गेले नाहीत.

आता शाळेच्या हक्काच्या पैशाकडे वळू. जिल्हा परिषदेच्या भाषेत किरकोळ खर्चाला सादिल म्हणतात, आणि शाळेत सादिलचा उल्लेख निघाला की लोक हसतात, इतकं ते अनुदान तुटपुंजं आणि अनियमित. मुख्य आधार आहे ‘समग्र शिक्षा’ योजनेच्या संयुक्त शाळा अनुदानाचा. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, १०० पर्यंत २५,०००, २५० पर्यंत ५०,०००. खेळ आणि ग्रंथालय यांसाठी वेगळी छोटी रक्कम असते. आपल्याकडच्या वाडीवरची दोनशिक्षकी शाळा धरा, पट २८. दहा हजारांतला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेवर घालायचा. उरले नऊ हजार. म्हणजे महिन्याला साडेसातशे. यात वीज, इंटरनेट, तुटलेली कडी, गळकी टाकी, हजेरीपत्रकं, प्रथमोपचाराची पेटी, खडू, आणि एवढं भागून काही उरलंच तर शैक्षणिक साहित्य. पट कमी म्हणून अनुदान कमी, हे कागदावर रास्त दिसतं. पण पट २८ असला म्हणून वर्ग काही एकावर येत नाहीत. पहिली ते चौथी चारही इयत्ता तिथे असतात आणि चारही इयत्तांना आपापलं साहित्य लागतं.

हा पैसा येतो कधी, हा त्याहून मोठा प्रश्न. शाळा जूनमध्ये भरते, सरकारचं वर्ष मार्चमध्ये संपतं, आणि अनुदान बऱ्याचदा या दोहोंतलं दुसरं वेळापत्रक पाळतं. ‘अकाउंटेबिलिटी इनिशिएटिव्ह’ या संस्थेने २००९ नंतर केलेल्या ‘पैसा’ सर्वेक्षणांतून देशभरात हेच समोर आलं होतं, की शाळेचं अनुदान शैक्षणिक वर्ष बरंचसं उलटल्यावर पोचतं. त्यानंतर व्यवस्था ऑनलाइन झाली, २०२१ पासून सगळा पैसा एकाच नोडल खात्यातून फिरू लागला, शाळेच्या खात्यात शिल्लक शून्य आणि खर्चाला फक्त मर्यादा. गैरव्यवहार रोखायला हे चांगलं आहे. पण गावातल्या ज्या दुकानातून तीनशे रुपयांचे खडू आणायचे, तो दुकानदार या प्रणालीत नोंदलेला नसतो. मार्चच्या तोंडावर मर्यादा येते, दिवस मोजून खर्च करायचा असतो, आणि तेव्हा घेतलं जातं ते पुरवठादाराकडे त्या क्षणी असेल ते. जूनमध्ये लागणाऱ्या अंककार्डांऐवजी मार्चमध्ये खुर्च्या येतात. मर्यादा वापरली नाही तर परत जाते. जूनचे खडू तोवर कोणी तरी आणलेलेच असतात.

बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या अनुसूचीत शाळेला काय काय असलं पाहिजे याची यादी आहे. प्रत्येक वर्गाला आवश्यकतेनुसार अध्यापन-अध्ययन साहित्य, प्रत्येक वर्गाला खेळाचं साहित्य, आणि वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टीची पुस्तकं असलेलं ग्रंथालय. हे उपकार म्हणून लिहिलेलं नाही, शाळेला शाळा म्हणण्याची अट म्हणून लिहिलेलं आहे. खोल्या, शौचालयं आणि कुंपणभिंत या अटींची मोजणी झाली, त्यावर न्यायालयांत वाद झाले. साहित्याची अट मात्र ‘आवश्यकतेनुसार’ या सैल शब्दामागे राहिली, आणि आवश्यकता ठरवण्याचा व भागवण्याचा भार हळूहळू एकाच माणसावर आला.

इथे नांदेड-लातूरच्या वाचकाला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते, कारण ती याच मातीतली आहे आणि विसरली गेली आहे. १९९४ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने देशात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. ज्या जिल्ह्यांत स्त्री-साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा कमी, ते निवडायचे असा निकष होता. महाराष्ट्रातून पहिल्या टप्प्यात जे पाच जिल्हे गेले ते सगळे मराठवाड्यातले: औरंगाबाद, परभणी, उस्मानाबाद, लातूर आणि नांदेड. किल्लारीचा भूकंप नुकता होऊन गेला होता. त्या कार्यक्रमात शाळेला वर्षाला २,००० रुपये मिळत आणि त्याशिवाय प्रत्येक शिक्षकाला, त्याच्या स्वतःच्या वर्गाच्या साहित्यासाठी, ५०० रुपये. पुढे सर्व शिक्षा अभियानाने हीच पाचशेची रक्कम देशभर नेली. नंतर ती हळूहळू गळाली, आणि २०१८ च्या समग्र शिक्षेत शाळेचं एकत्र अनुदान तेवढं उरलं.

ती रक्कम आदर्श रीतीने वापरली गेली असं म्हणणं खोटं होईल. केंद्राच्या मासिक बैठकीला तयार तक्ते विकणारे फेरीवाले हजर असत आणि पाचशेचं बिल जागेवरच होई. प्लास्टिकची फळं भिंतीवर टांगून काही जण मोकळे होत. पण तत्त्व नेमकं होतं. सरकारने मान्य केलं होतं की वर्ग ही शाळेहून वेगळी गरज आहे, ती गरज त्या वर्गाच्या शिक्षकालाच कळते, आणि तिच्यासाठी त्याच्या हातात थोडा पैसा असला पाहिजे. महागाईचा ढोबळ हिशेब लावला तर १९९४ चे पाचशे म्हणजे आजचे किमान तीन हजार. मागास समजल्या गेलेल्या जिल्ह्यांना तेव्हा जे परवडलं, ते आज का परवडत नाही, याचं उत्तर मला कुठल्याही धोरणात सापडलेलं नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘गुरुजीला सत्तर-ऐंशी हजार पगार. वर्षाला चार-पाच हजार लेकरांवर घातले तर काय बिघडलं?’ लातूरच्या बाजारात २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना त्याखाली सौदे होत होते. ज्याच्या घरी ते पोतं आलं-गेलं, त्याच्या तोंडून हा प्रश्न निघणं स्वाभाविक आहे. गावात दरमहा नक्की येणारा पैसा बहुतेकदा शिक्षकाच्याच घरी येतो. त्यातून काही शिक्षक तालुक्याच्या गावी राहून अपडाऊन करतात, काही शाळेपेक्षा प्लॉटिंगच्या धंद्यात जास्त रमतात, हेही गाव बघत असतं.

तरी आक्षेप चुकीच्या जागी नेम धरतो. पहिली गोष्ट, सगळे शिक्षक त्या पगाराचे नाहीत. नव्याने लागलेला शिक्षणसेवक तीन वर्षं मानधनावर असतो. प्राथमिकला ते २०२३ पासून १६,००० रुपये झालं, त्याआधी सहा हजार होतं. साहित्य सर्वांत जास्त लागतं तेही त्यालाच, कारण जुन्या शिक्षकाने जमवलेला साठा त्याच्याजवळ नसतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पगार ऐपत सांगतो. खर्च मात्र वृत्तीवर ठरतो. एका वर्गात बाई वर्षाला आठ हजार घालतात, शेजारच्या वर्गात सर आठ रुपयेही घालत नाहीत. दोघांची ऐपत सारखीच. कोणत्या वर्गात लेकरू बसलं यावर त्याला काय मिळणार हे ठरत असेल, तर तो हक्क राहिला नाही, नशीब झालं. तलाठ्याने सातबारा छापायचा कागद स्वतः आणावा, नर्सबाईंनी लसीच्या सुया विकत आणाव्यात, असं कोणी त्यांच्या पगाराकडे बोट दाखवून म्हणत नाही. आणि बाईंच्या बाबतीत तर घरीही जाब द्यावा लागतो. स्वतःच्या पगारातले पैसे वर्गावर घातले याचं उत्तर नवऱ्याला आणि सासूला देत देत ही कार्डं होत असतात.

लातूरचा ट्यूशन एरिया आठवा. ‘लातूर पॅटर्न’चं नाव राज्यभर झालं, मुलगा नीटला बसवायचा तर आईबाप शेत गहाण ठेवून फी भरतात. नांदेडातही आता तोच बाजार उभा आहे. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांवर एवढा पैसा ओतणाऱ्या या दोन जिल्ह्यांत, त्याच मुलाच्या पहिली-दुसरीत त्याला दशक-एकक नीट कळावा यासाठी लागणाऱ्या काड्यांच्या गठ्ठ्याची जबाबदारी कोणाची, यावर एकही सभा होत नाही. मला यात काही तरी उलटं वाटतं.

शिक्षकाने झिजावं ही अपेक्षा मराठवाड्यात इतकी खोल का आहे, याला इतिहास आहे. निजामाच्या राज्यात मराठी शाळा हे काम सरकारचं नव्हतं, किंबहुना सरकारच्या मर्जीविरुद्धचं होतं. स्वामी रामानंद तीर्थ आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात शिक्षक होते. त्या काळच्या अशा शाळा अर्धपोटी शिक्षकांवर आणि गावकऱ्यांच्या पायली-पायली धान्यावर चालल्या. तो त्याग राजकीय होता. परक्या राजवटीला नाकारण्याची ती एक रीत होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर राज्य आपलं झालं, पण त्यागाची भाषा तशीच राहिली, फक्त तिचा फायदा घेणारा बदलला. आता आपल्याच निवडलेल्या सरकारचं अंदाजपत्रक शिक्षकाच्या त्यागावर शिल्लक दाखवतं. स्वामीजींच्या पिढीचं नाव घेऊन आजच्या शिक्षकाला खडू आणायला लावणं म्हणजे त्या पिढीचा अवमानच आहे.

या खर्चाचा आणखी एक तोटा शाळेत गेल्याशिवाय कळत नाही. शिक्षकाने स्वतः आणलेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला चढत नाही. ती कायद्याने कुणाचीच नसते. ऑनलाइन बदल्यांची यादी लागते, बाई कंधारहून हदगावला जातात, सोबत त्यांच्या पेट्या जातात. आणि जायलाच हव्यात, कारण त्या त्यांच्याच पैशाच्या आहेत. मागे राहिलेल्या वर्गात फरशीवरचा रंग तेवढा उरतो. पालक म्हणतात, ‘त्या बाई होत्या तेव्हा शाळा चांगली होती.’ यू-डायसमध्ये शाळेला मिळालेलं अनुदान आणि समाजाकडून आलेली मदत विचारतात. शिक्षकाने स्वतः किती घातले याचा वेगळा रकाना नाही. म्हणून वरच्या कार्यालयात दिसतं ते एवढंच, की दहा हजारांत ही शाळा उत्तम चालली. पुढच्या वर्षी दहा हजारच पुरे, असा निष्कर्ष कुणी काढला तर तो आकड्यांना धरूनच असेल.

अमेरिकेत निदान मोजलं गेलं आहे. २०१४-१५ मध्ये तिथल्या सरकारी शाळांतल्या ९४ टक्के शिक्षकांनी परतफेडीशिवाय स्वतःचे पैसे वर्गावर घातले, सरासरी ४७९ डॉलर, असं केंद्रीय सर्वेक्षणात आढळलं. तिथे २००२ पासून शिक्षकाला अशा खर्चापोटी २५० डॉलरपर्यंत उत्पन्नातून वजावट मिळू लागली. २०२२ मध्ये ती ३०० झाली. आपल्याकडे पगारदाराला असं कलम नाहीच, उलट वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर त्याच्याच पगारातून कापला जातो. पण वजावट हेही काही उत्तर नाही. तेवढ्या रकमेवरचा थोडासा कर वाचतो, बाकीचा खर्च शिक्षकाचाच राहतो. त्याच देशात डिसेंबर २०२१ मध्ये साउथ डकोटातल्या सू फॉल्स शहरात हॉकीच्या सामन्याच्या मध्यंतरात बर्फाच्या मैदानावर पाच हजार डॉलरच्या एक-एकच्या नोटा ओतल्या आणि दहा शिक्षकांना गुडघ्यांवर बसून, हाताला लागतील तेवढ्या गोळा करायला लावल्या. वर्गाच्या साहित्यासाठी. प्रेक्षक टाळ्या वाजवत होते. नंतर आयोजकांनी माफी मागितली. तो व्हिडिओ जगभर फिरला तेव्हा आपल्याकडेही लोक हळहळले. पण आपल्या शाळांतल्या दप्तरवाटपाचे फोटोही एकदा नीट बघावेत. दात्याच्या हातात दप्तराचं एक टोक, लेकराच्या हातात दुसरं, मागे दात्याच्या नावाचा फ्लेक्स, आणि सगळी लेकरं कॅमेऱ्याकडे बघेपर्यंत थांबलेली.

मदत करणारे वाईट नसतात. पुण्या-हैदराबादेत स्थिरावलेली, याच वाड्यांतून शिकून गेलेली मुलं मनापासून देऊ पाहतात. चूक होते ती विचारण्यात. शाळेला काय हवं हे न विचारता टीव्ही येतो आणि वीज कापलेल्या खोलीत झाकून ठेवावा लागतो. पाण्याचा फिल्टर येतो आणि त्याची जाळी बदलायला पुढच्या वर्षी कुणी नसतं. अमेरिकेतच २००० साली ब्रॉन्क्समधल्या एका शिक्षकाने ‘डोनर्सचूज’ ही संस्था सुरू केली. तिची पद्धत घेण्यासारखी आहे: आधी शिक्षक लिहितो, मला माझ्या वर्गासाठी हे हवं आणि यासाठी हवं, दाता त्यातलं निवडतो, आणि वस्तू थेट वर्गात पोचते. आपल्या राज्याने सप्टेंबर २०२३ मध्ये शाळा दत्तक देण्याची योजना आणली. ग्रामीण शाळेसाठी पाच वर्षांना ५० लाख रुपयांची वस्तूरूप देणगी, आणि शाळेला दात्याचं नावही देता येईल. ५० लाख देणारा किनवटच्या पाड्यावर येणार आहे का? आणि बाईंची गरज तर तीन हजारांची आहे. त्याच सुमाराला ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ स्पर्धा सुरू झाली, राज्यातलं पहिलं बक्षीस ५१ लाखांचं. स्पर्धेच्या गुणांसाठी किती शाळांनी शिक्षकांच्या वर्गणीतून रंग काढला, हे ज्या-त्या केंद्रप्रमुखाला ठाऊक आहे. ५१ लाखांत सतराशे शिक्षकांना तीन-तीन हजार देता आले असते.

मागणी तेवढीच असावी, आणि नेमकी असावी. प्रत्येक वर्गशिक्षकाला १५ जूनच्या आत तीन हजार रुपये, त्याच्या निर्णयाने खर्चायचे, गावातल्या दुकानातून रोख घेता येतील असे, आणि वर्षाअखेरीस एका पानाचा हिशेब शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवायचा. आलेली टिकाऊ वस्तू डेडस्टॉकला चढेल आणि बदलीनंतरही वर्गात राहील. कोणी पैसे खाल्ले तर? खातीलही काही जण. पण तीन हजारांची अफरातफर पकडायला ज्या समितीत तीन-चतुर्थांश पालक आहेत ती जवळची, का मुंबईतली प्रणाली? राज्याने हे करेपर्यंत जिल्हा परिषदेच्या सेसमधूनही सुरुवात होऊ शकते. अडचण ही, की मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर लातूर-नांदेडच्या दोन्ही जिल्हा परिषदांवर दीर्घ काळ प्रशासक राहिले. अनुदान मार्चमध्येच का येतं असं सर्वसाधारण सभेत उठून विचारणारा सदस्यच नव्हता. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शाळेच्या रंगाला आणि कमानीला पैसे निघतात, कारण ते दिसतात.

तोवर शिक्षकांनी निदान बिलं घ्यावीत, शाळेच्या नावाने घ्यावीत, आणि समितीच्या इतिवृत्तात ‘वर्गशिक्षकाने स्वतः केलेला खर्च’ अशी एक ओळ दरवर्षी लिहून घ्यावी, असं मी ओळखीच्या गुरुजींना सांगत असतो. त्यांना ते पटत नाही. एक जण म्हणाले, ‘सर, लिहून ठेवलं की उद्या तोच नियम होतो. यंदा मी सहा हजार घातले असं कागदावर आलं तर पुढच्या वर्षी केंद्रप्रमुख सगळ्यांना विचारतील, तुमचे किती?’ ही भीती खोटी नाही. बीटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका शाळेच्या रंगवलेल्या भिंतीचा फोटो पडला की दुसऱ्या शाळांना ‘आपणही करावे’ असा संदेश जातो, तो आदेशच असतो. फक्त त्या सक्तीवर आज कोणाची सही नसते. आकडा कागदावर आला तर सक्ती कदाचित वाढेल. पण तेव्हा निदान ती कोणी केली हे विचारता येईल, आणि संघटनांना संचमान्यता, बदल्या, जुनी पेन्शन यांच्या यादीत हा आकडाही शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवता येईल. गुरुजींना हे अजून पटलेलं नाही.